भुजंगबाबांचा हिरवा पडदा

चाकूरजवळच्या त्या गावात मठासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर लावलेल्या कम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर गावाचा नकाशा होता. त्यातला एकेक लाल ठिपका म्हणजे गोवर झालेलं एकेक लेकरू, आणि ठिपके भराभर वाढत होते.

"पाहा, गोवर दाराशी आला!" भुजंगबाबा गरजले. "सुया टोचून काय होतंय? आम्ही त्याला कम्प्युटरात कोंडतो!"

एका हातानं अंगारा फुंकत त्यांनी दुसऱ्या हातानं बटन दाबलं. लाल ठिपके विझत गेले आणि पडदा हिरवागार झाला. बायांनी हात जोडले.

आत्याकडे आलेला संगमेश गर्दीत मागे उभा होता. पडदा त्यानं लगेच ओळखला. तो विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. साथ कशी पसरेल, लसीचं शिबिर आधी कुठं घ्यावं, याचा अंदाज बांधता यावा म्हणून हा प्रोग्राम त्यानंच लिहून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. पण तसं सांगितलं तर लोक आपल्यालाच बाबाचा साथीदार समजतील, या भीतीनं तो गुपचूप निघून आला.

घरी आत्याची चार वर्षांची नात सृष्टी तापानं फणफणली होती. कानामागून पुरळ उतरत होतं.

"आत्या, हिला लस?"

"लहानपणी राहून गेली. मागल्या महिन्यात नर्सबाई आली होती की. म्याच परत धाडली," सिद्धम्मा आत्या म्हणाली. "बाबा दोन महिन्यांपासनं गाव हिरवं करून राहिलेत ना. तुझ्यासारखाच कम्प्युटर हाय त्यांच्यापाशी."

संगमेशला मान वर करवेना. त्यानं पोरीला तडक लातूरच्या दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी मठात परतला.

"बाबा, बटन दाबू नका. नुसता अंगारा फुंका."

"कम्प्युटरला सोवळं लागतंय! परक्यासमोर मंत्राचं चार्जिंग उतरतंय!"

"फुंका की महाराज," पुढं बसलेले म्हातारे शेषेराव म्हणाले.

बाबांनी फुंकला. लाल ठिपके वाढतच राहिले. मग संगमेशनं बटन दाबलं. पडदा हिरवा झाला.

"हे दाबलं की कम्प्युटर धरून चालतो, शंभरातल्या पंचाण्णव लेकरांना लस दिलीय. म्हणून साथ थांबलेली दिसते. बाबा तुम्हाला लसच दाखवून राहिले, अन् लसच घेऊ नका म्हणून राहिले! हे नुसतं गणित हाय, काय केलं तर काय होईल याचं. खरी लेकरं पडद्यावर वाचत न्हाईत."

"तुला काय ठाऊक?" शेषेरावांनी विचारलं.

"मीच लिहिलंय, काका. बटनावर 'लस' लिहायचं सोडून मी देखणी हिरवी ढाल काढली. अन् काल इथंच गप उभा होतो."

बाबा मागच्या दारानं पसार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत नर्सबाईसमोर आया लेकरं घेऊन उभ्या होत्या.

सृष्टी वाचली, पण गोवरानं तिचा डावा कान बहिरा झाला. दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेली सिद्धम्मा म्हणाली, "म्या विचारलं न्हाई, अन् तू सांगितलं न्हाई, संगू."

चमत्कार दिसला की तो कसा झाला, हे विचारायला कुणी लाजू नये. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं सांगायला तर मुळीच लाजू नये.