गुरांच्या पायातला परीट

कार्तिक सरत आला तरी थंडी पडली नव्हती. पहाटेही घोंगडी नकोशी वाटायची, आणि दुपारी खाचरात उभं राहिलं की पाठीवरून घाम निथळायचा. बोरघाटावर धुकं नव्हतं. घाट चढणारी आगगाडी खालून स्वच्छ दिसायची.

आमची वाडी कुंभिवलीच्या खालच्या अंगाला. भात कापून झालं की आमच्याकडे गुरं शेतात मोकळी सोडतात. पुढे जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचे असतात, आणि पेरायचे तर सगळ्यांनी एकाच दिवशी गुरं बांधायला हवीत. एकट्यानं पेरलं तर दुसऱ्याची गुरं खातात. तो दिवस परीट ठरवतो. परीट म्हणजे काळंपांढरं, मुठीएवढं पाखरू. शेपटी सारखी वरखाली आपटतं. हिवाळ्यापुरतं येतं. शेतात पहिला परीट दिसला की पाटील गुरं बांधायला सांगतो, आणि ज्याला दिसला त्याला गावाचा एक नारळ.

अकरा वर्षं तो नारळ माझ्या बायकोला मिळाला. तिचं नाव कोंडी.

ती मला सांगायची, "वर बगून परीट दिसत नाय, अवो. गुरांच्या पायात बगा. गुरं चालली की किडे उडतात, त्यांच्या मागं त्यो असतो." बाकीचे झाडाकडे बघत बसायचे.

गेल्या सालीही अशीच ऊब होती. कोंडीनं परीट आल्याचं सांगितलं. गुरं बांधली, वाल पेरले. पण थंडी आलीच नाही, दव पडलं नाही, फुलावर मावा पडला आणि शेंगा पोकळ निघाल्या. फाल्गुनात मारुतीच्या पारावर नागू सगळ्यांसमोर म्हणाला, "थंडी नाय तर परीट कुठला? नारळासाठी खोटं बोलली ही." नागूच्या दहा म्हशी, आवाजही तसाच.

आबाजी पाटलानं कोंडीला विचारलंसुद्धा नाही. नारळ परत द्यायला सांगितला. तो आमच्या देव्हाऱ्यात होता. तिनं तो उचलला आणि पाटलाच्या पायरीवर नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून विहिरीवर बायका तिच्यापासून हातभर लांब उभ्या राहू लागल्या. श्रावणात तिला ताप आला. आठव्या दिवशी ती म्हणाली, "मी बगितला होता. दोन होते." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. ती गेली. चौघं आले, कारण चौघं लागतात.

यंदा वद्य पंचमीला मी ओढ्याकडच्या खाचरात होतो. नागूच्या म्हशी चरत होत्या. कोंडीची सवय मला लागली होती, म्हणून पायात बघितलं. एका म्हशीच्या मागच्या खुराशी परीट चालत होता. शेपटी आपटत होता. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी मी तसाच बघत राहिलो.

म्हणजे थंडीचा आणि त्याचा संबंध नव्हता. तो आपल्या दिवसाला येतो. थंडी पडो, न पडो. गेल्या सालीही आला असणार. तिनं बघितला असणार.

मी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, वाळू देत यांच्या जमिनी. माझीही वाळेल, वाळू दे.

दुसऱ्या दिवशी तीन होते. मग बांधावर एक पिवळ्या पोटाचा दिसला, ओढ्याच्या दगडांवर तुतवार आला, जळक्या सागावर थिरथिरा येऊन बसला. खालापूरचा एक गाडीवान म्हणाला, तळ्यावर बदकं उतरलीत. हिवाळ्याची पाखरं सगळी आली होती. आमची माणसं आभाळाकडे तोंड करून थंडीची वाट बघत होती.

चौथ्या दिवशी नागू ओटीशी आला.

"येसाजी, तुला दिसला का रं परीट?"

"मला कशाला इचारतोस? आमच्या घरात खोटं बोलतात."

"बाई गेली, आता राग धरून काय करशील?"

"वाल नाय झाले तरी चालतील मला यंदा," मी म्हटलं. "जा."

तो थुंकून गेला.

पाचव्या दिवशी पारावर माणसं जमली. मी कडेला बसलो. जमिनीची ओल पार खाली गेल्याचं सगळेच बोलत होते. पाटील म्हणाला, "परीट नाय तोवर गुरं बांधायची नायत. थांबा."

तेव्हा नागू हसला. "आता तरी पटलं का? गेल्या सालची ऊब नि यंदाची ऊब एकच. यंदा परीट आला नाय. मंग गेल्या साली तिला कुठनं दिसला?"

माणसांनी माना हलवल्या. मी गप्प बसून गावाचं वाटोळं करत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिच्याविरुद्ध साक्ष देत होतो.

मी उठलो. "चला."

"कुठं?"

"नागूच्या म्हशींकडं. पाटील, तुमी पयले चला."

भर दुपारी दहाबारा माणसं माझ्या मागून आली. खाचराच्या बांधावर मी पाटलाला उभं केलं. "घाम पुसा नि बगा. वर नाय. खाली, पायात."

पाच परीट होते. एक तर म्हशीच्या सावलीत चालत होता. मग पाटील म्हणाला, "म्हंजे गुरं बांधाय पायजेत."

एवढंच म्हणाला.

नागूनं माझ्याकडे बघितलं. "कधीपास्नं हायत हे?"

"पंचमीपास्नं."

"पाच दिस! नि तू गप? वल गेली आमची, हरामखोरा!" त्यानं माझी बंडी धरली.

"पाच म्हैनं तुमी तिला खोटी म्हटलंत," मी म्हटलं. "मी पाच दिस गप बसलो. अजून माझंच येणं हाय."

दोघांनी त्याला ओढून बाजूला केलं. बंडी फाटली. पाटील घसा खाकरून म्हणाला, "रिवाज हाय. नारळ तुझा."

"माझा नाय. तिचा हाय. देव्हाऱ्यातनं घेतलात, देव्हाऱ्यात आणून ठेवा. तुमी सोता."

"पाटील तुझ्या दारी यायचा?"

"ती आली होती तुमच्या दारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं दावणीला होती आणि सगळे पेरायला निघाले होते. आबाजी पाटील आला. उंबऱ्याबाहेर थांबला. मी आत उभा होतो, या म्हटलं नाही. तो आत आला, देव्हाऱ्यात नारळ ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाईनं बगितला होता." मग गेला. शेजारच्या ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या बायकांनी ऐकलं. ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो बोलला होता, एवढं मी त्याच्या पदरात घालतो.

वाल निम्मेच उगवले. वरची जमीन कोरडी पडली होती. माझ्या खाचरातही निम्मेच. त्या पाच दिवसांचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते मी नाकारत नाही. नागू माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको मला बघून दार लावून घेते. पारावर मी गेलो की माणसं सरकून बसतात.

विहिरीवर आता शिव्या मला पडतात. तिला नाही.