खालच्या टोकाचं नाव

‘शि’ची वेलांटी कोरत मशीनचं पातं खाली आलं, थबकलं आणि गचका खाऊन तिरकं झालं. पुढची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली. यशराजनं लाल बटणावर हात मारला. पातं थांबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र सगळं जागच्या जागी दिसत होतं.

प्लायवूडचा हा तिसरा तुकडा. तिन्ही तुकड्यांवर वरची सगळी नावं ठसठशीत उतरली होती आणि तिन्हींवर शेवटचं नाव तेवढं बिघडलं होतं : शिपाई अर्जुना गुंडा. बोर्डावर आडनावं नव्हती. सगळा गाव एकाच आडनावाचा, उगाच लाकूड कशाला वाया घालवायचं, असं समितीनं ठरवलं होतं.

“स्पीड कमी कर रं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“केला,” यशराज म्हणाला.

“मग कॉम्प्युटर बंद करून चालू कर.”

“त्ये बी केलं.”

कॉम्प्युटरची वायर बदलून झाली होती, नाव नव्यानं टाइप करून झालं होतं. आता उपाय संपले होते आणि सल्ले तेवढे उरले होते.

म्हशी विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात यशराजनं हे मशीन स्वतःच्या हातानं बांधलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतली नोकरी सुटल्यावर भंगारातल्या लोखंडी पट्ट्या, पुण्याहून मागवलेल्या मोटारी आणि बहिणीचा जुना कॉम्प्युटर यांचं लग्न त्यानं लावून दिलं. गावानं त्याला आधी येडा म्हटलं, आणि मशीन चालायला लागल्यावर देव्हाऱ्याची दारं उधारीत करून मागितली. आज मात्र काम मानाचं होतं. गावातून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्यांच्या नावांचा सागवानी बोर्ड करायचा होता. त्याआधी प्लायवूडवर चाचणी, आणि चाचणीआधी पूजा. यशराजच्या आईनं, बनुबाईनं, सकाळीच मशीनला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता आणि खालच्या टोकाच्या खांबाला लाल नाडा गुंडाळला होता. चांगला चार पदरी, घट्ट.

“एकदा नाव वरखाली करून बघ की,” आप्पासो म्हणाला. त्याची पिठाची गिरणी होती, त्यामुळं मशीनमधलं आपल्यालाही थोडं कळतं असा त्याचा समज होता. “शेवटचं वर घे. मग कळंल, दोष नावात हाय का जागंत.”

मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या लालासाहेबांनी मान वळवली. ते निवृत्त सुभेदार आणि समितीचे अध्यक्ष.

“नावं सिनिऑरिटीनं हायत. सुभेदाराच्या जागी शिपाई बसत न्हाई, आप्पा. लाकडावर सुद्धा न्हाई.”

आप्पासो मागं सरकला. साऱ्या गोठ्यात कामाचं असं ते एकच वाक्य होतं, आणि ते तिथंच मेलं.

दाराशी पोत्यावर तानुबाई बसली होती. अर्जुनाची बायको. चाळीसेक वर्षांपूर्वी बर्फात गस्तीवर गेलेला तिचा नवरा परतला नाही आणि सापडलाही नाही. सरकारनं काही वर्षं वाट पाहून त्याला मेलेला धरलं. तानुबाईनं धरलं नाही. तिनं कुंकू पुसलं नाही. गावाचा हिशेब तिथून जो अडला, तो अडलाच. कपाळाला कुंकू आणि बँकेत विधवेची पेन्शन, दोन्ही बाजू जुळत नव्हत्या. मग गावानंच त्या जुळवल्या. अर्जुना पळाला, तिकडं जम्मूत दुसरं घर केलं आणि ही बया ते जाणून आहे, असं ठरलं. या हिशेबापायी तिच्या लेकीला चांगलं स्थळ आलं नाही. आता नातीच्या लग्नाचं बघत होते, तर तिथंही कुणीतरी ‘फरारी’ हा शब्द पोचवला होता.

लालासाहेबांनी नाव घ्यायला होकार दिला, तो एका अटीवर. हुतात्म्याची बायको कुंकू लावून फीत कापायला आली तर पाहुण्यांना काय सांगायचं?

तानुबाईनं चार दिवस विचार केला होता आणि आज सकाळी ती मोकळ्या कपाळानं गोठ्यात आली होती. भुवयांच्या मधोमध फिकट गोल डाग पडला होता. बाहुलीचा डोळा निखळल्यावर दिसतो तसा. सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळे मशीनकडं बघायला लागले.

ती आता उठली आणि बिघडलेल्या तुकड्यापाशी आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तिरक्या खोबणीतून बोट फिरवलं.

“ह्येच का त्यांचं?” तिनं विचारलं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. “असं का झालं, लेकरा?”

एवढ्या लोकांसमोर यशराजचं मशीन तिसऱ्यांदा तोंडघशी पडलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माणसाला असं वाटतं तेव्हा जे बोलू नये नेमकं तेच जिभेवर येतं.

“आज्जी, म्हातारा म्हनतोय, मी जित्ता हाय, मला कशाला कोरता!”

गोठा हसला. पोटभर हसला. बिघडलेल्या मशीनवरचे सगळ्यांचे डोळे तानुबाईवर गेले आणि यशराजला हायसं वाटलं.

फक्त लालासाहेब हसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

“चेष्टा न्हाई ही. देवाला कौल लावतो तवा डावं फूल पडलं तर काय करतो आपण? परत लावतो. तीनदा लावतो. हितं तिन्ही डावी पडली.” ते उठले. “नाव घ्यायचं न्हाई. बोर्ड सागवानाचा हाय, नासवायचा न्हाई.”

तानुबाईनं पदर कपाळावर ओढला आणि ती भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली.

शेवटच्या ओळीविना बोर्ड सुरेख उतरला. पातं खालच्या टोकाला गेलंच नाही. फीत कापली गेली, फोटो छापून आला. गोष्ट कोरेगावच्या बाजारात गेली आणि तिथून घाट उतरून कुठंकुठं गेली. फरारी माणसाचं नाव न कोरणारं मशीन बघायला लोक येऊ लागले. पाटणकडचा एक गृहस्थ भावकीच्या वाटणीचे कागद घेऊन आला आणि मशीनसमोर ठेवू का म्हणाला. बघायला आलेले रिकाम्या हातानं जात नव्हते. कुणी घरावरची पाटी सांगून जाई, कुणी फोटोची चौकट. यशराजनं मशीनला निळा रंग दिला.

मग आष्ट्याच्या एका बंगल्याचं दार आलं. लांबलचक, वरपासून खालपर्यंत वेलबुट्टी. वेल सुबक उतरत आली आणि खालच्या टोकाला पोचल्यावर पातं थबकलं, गचका खाल्ला आणि एक पान दुसऱ्या पानावर चढलं.

यशराज बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिला. वेलीच्या पानाला कुणी फरार म्हटलेलं नव्हतं.

त्यानं गोठ्याचं दार लोटून घेतलं. प्लायवूड लावलं आणि खालच्या टोकाला लालासाहेबांच्या सुभेदार चुलत्याचं नाव टाकलं, बोर्डावर सगळ्यात वर असलेलं. सुभेदारसाहेबसुद्धा तिरके झाले. त्याला हसू आलं, आणि पुरतं यायच्या आत गेलं.

मग त्यानं कॉम्प्युटर सोडला आणि हातानं पातं ढकलत खालच्या टोकाला नेलं. मोटारीची तार ताणली गेली. खांबाला गुंडाळलेल्या चार पदरी नाड्यात ती आवळली गेली होती. बनुबाईनं खांबाबरोबर तिचीही पूजा बांधली होती. टोक गाठलं की तार ओढली जाई, मोटारीची जोडणी क्षणभर सुटे आणि मोटार चुके. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसे. तो हुकूम देत जातो. हुकूम पोचला का, हे बघायला तो मागं फिरत नाही.

पूजेचा नाडा, म्हणून इतके दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. यशराजनंही नाही.

त्यानं तो सोडला. सागाची एक उरलेली फळी लावली आणि पातं चालू केलं. शिपाई अर्जुना गुंडा. एकही रेघ हलली नाही.

फळी घेऊन तो आधी लालासाहेबांकडं गेला. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

“नाडा कुनी बांधला हुता?”

“आईनं.”

“मंजी पूजेनं मशीन बिघडलं म्हनून गावाला सांगनार तू. आईचं नाव घालनार त्यात.”

“तात्या, पर अर्जुनाआज्याचं नाव...”

“आनि तुज्याकडं लोक कशापायी येत्यात, ठावं हाय न्हवं? दारं तर मिस्त्री बी करतोय.” त्यांनी फळी परत दिली. “म्हातारीसाठनं तळमळत आसशील, तर जा, बघून ये तिला. ती खुशीत हाय.”

“खुशीत?”

“बघून तर ये.”

तानुबाईचं घर ओढ्याकडच्या आळीला होतं. अंगण सारवलेलं होतं, भिंतीला ताजा चुना होता. ती चुलीपुढं बसली होती. त्याला बघून वळली, आणि यशराजचे पाय उंबऱ्यात थांबले. कपाळावर कुंकू होतं. पूर्वीपेक्षा मोठं, रुपयाएवढं. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या कोपराकडं चढल्या होत्या.

“ये, लेकरा, ये! तुजीच आठवन काढत हुते.”

तो बसला. फळी त्यानं अक्षरं आपल्याकडं करून काखेत धरली.

“आज्जी, मला जरा बोलायचं हुतं.”

“मला बी.” ती जवळ सरकली. “त्या दिशी म्यां कुंकू पुसलं. चाळीस वरसं न्हाई पुसलं ते नातीपायी पुसलं. आनि तुज्या मशीननं सांगितलं, आगं थांब, धनी हाय तुजा. तीनदा सांगितलं. सरकारला न्हाई कळलं, पर त्याला कळलं.”

“नातीचं काय झालं?”

“त्या लोकांनी न्हाई म्हनून सांगितलं. म्हनू दे. आता आजा आला की बघंल तिचं.” ती हसली. तोंडात दात थोडेच राहिले होते. तिनं टोपल्यावरचं फडकं उचलून दाखवलं. एक भाकरी वेगळी, दुधात भिजवलेली होती. “रोज ठेवते. त्यांचं बी दात पडलं आसतील आता. मऊ लागंल त्यास्नी.”

यशराजनं भाकरीवरची नजर काढली.

“आज्जी, त्ये मशीन...”

“खोटं तर न्हाई बोलत न्हवं त्ये?”

तिनं विचारलं ते हसत हसतच. पण फडकं धरलेला हात तसाच राहिला होता.

बाहेर ओढ्याकडं कुणाची तरी म्हैस ओरडत होती. यशराजनं तिचं ओरडणं संपू दिलं.

“न्हाई, आज्जी,” तो म्हणाला.

“बस. च्या घे.” तिनं टोपलं झाकलं आणि चुलीत फुंकर घातली. लाकडं ओली होती, नुसता धूर झाला. डोळे पुसत ती वळली. “त्ये फळकूट कशाला आनलंस? वाळलेलं दिसतंय. दे हिकडं.”

तिनं फळीचं टोक धरलं. त्यानं ती काखेत आवळली. ती ओढत राहिली, लहान पोराच्या हातातली वस्तू ओढावी तशी, कौतुकानं. मग त्यानं काख सैल केली.

तिनं फळी चुलीत सारली. आग आधी खोबणीत शिरली. क्षणभर एकेक अक्षर लाल होऊन उठलं, दारातल्या माणसाला वाचता यावं इतकं ठळक. तानुबाई त्याच उजेडात चहाची पूड शोधत होती.

“साग हाय वाटतं,” ती म्हणाली. “लय बेस जळतंय.”

चहा उकळला. तिनं तीन कपांत ओतला. एक त्याला दिला, एक स्वतः घेतला. तिसऱ्यावर बशी झाकून तो चुलीच्या कडेला, उबदार राखेत ठेवला.

“गोड झालाय का?”

“व्हय,” यशराज म्हणाला आणि कप तोंडाला लावला.