हंगामाची सुपारी

निकेतच्या मुलीचं बारसं झालं, ते साल दोन हजार तेवीस. आषाढ होता. बोटी वर काढून ताडपत्रीखाली झाकल्या होत्या आणि थळच्या कोळीवाड्यात हिरामणच्या घरी बायका पाळण्याभोवती दाटीने बसल्या होत्या. नाव मृणाली ठेवायचं ठरलं होतं. ते बाळाच्या कानात सांगायचं काम आत्याचं, आणि आत्याच जागेवर नव्हती. हिरामणची मुलगी कल्पिता मागच्या पडवीत फोन धरून उभी होती. तिच्या सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेचा निकाल त्या दुपारी लागणार होता.

"अगं ये, पोर रडून झोपली," हिरामणच्या बायकोने, सगुणाने, आतून हाक मारली. "नाव उठल्यावर सांगतेस काय तिला?"

कल्पिता आली. पाळण्यावर वाकली, कानात नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. ती सरळ झाली आणि म्हणाली, "आये, मी पास झाली." मग त्याच बायकांनी पुन्हा एकदा तिची पाठ बडवली.

हिरामण बाहेर ओट्यावर जाळं विणत होता. आतला गलका ऐकून तो दारात आला. मुलीने त्याला सांगितलं.

"म्हंजे आता नोकरी लागंल?"

"लागेल, बाबा."

"मग मी उतरलो," हिरामण म्हणाला आणि परत जाळ्यापाशी जाऊन बसला.

उतरलो म्हणजे बोटीवरून उतरलो. त्याला एकोणसाठावं लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी समुद्रातच त्याच्या छातीत कळ आली होती. अलिबागच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, आता जाळं ओढणं बंद, बोटीवर जाणं बंद. हिरामण त्याला म्हणाला होता, पोरगी कमावती होऊ द्या, दुसऱ्या दिवशी उतरतो. थोरला निकेत उरणला कंटेनरच्या गाडीवर होता. त्याचं त्याला पुरत होतं. त्यामुळे सगुणाने देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. कल्पिताला नोकरी लागू दे आणि ह्यांचे पाय जमिनीवर राहू देत, एवढंच.

परीक्षेने सहा वर्षं घेतली होती. त्यातली तीन कल्पिताने अलिबागच्या भावेशभाई सी.ए.च्या ऑफिसात उमेदवारीत काढली. शेजारचा कोंडाजी जाता-येता विचारायचा, "हिरामण, अरे डाक्टरसुदीक पाच वर्षांत होतो. तुझ्या पोरीची ही कंची परीक्षा, दर सहा महिन्यांनी भरतीसारखी येते नि जाते?" हिरामण हसायचा.

निकालानंतर भावेशभाईंनी तिला सांगितलं, मोठी नोकरी मिळेपर्यंत इथंच ये, रिकामी बसू नकोस, पंधरा हजार देईन. कल्पिता जायला लागली. त्या वर्षी अधिक महिना आल्याने नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी शेवटी आली. दर्याला नारळ देऊन झाला आणि दुसऱ्या दिवशी हिरामण धुतलेला सदरा घालून अलिबागला गेला. ज्या माणसाने तीन वर्षं आपल्या मुलीला शिकवलं, त्याला एक नारळ द्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

भावेशभाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा झाल्यावर टेबलाच्या खणातून एक डबी काढली.

"हिरामणकाका, हे घ्या. आमचा एक पार्टी आहे श्रीवर्धनचा, बागायतदार. दर वर्षी पाठवतो. अशी सुपारी बाजारात मिळत नाही." आणि त्यांनी एक अख्खी सुपारी हिरामणच्या हातावर ठेवली.

हिरामणने दुसरा हात खाली लावून ती सुपारी ओंजळीत घेतली, कपाळाला लावली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. भावेशभाईंना वाटलं, घरी जाऊन खातील.

हिरामणच्या आळीत रीत होती. पौर्णिमेचा नारळ झाला की नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, आपल्या माणसांच्या हातावर एकेक सुपारी ठेवायचा. ती घेतली की जेठात बोट वर निघेपर्यंत दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. कागद नाही, सही नाही. हंगाम सरला की सुपारी नाखव्याला परत. हिरामण पंचवीस वर्षांचा असताना एका मोठ्या ट्रॉलरवाल्याने त्याला दुप्पट पैशांवर बोलावलं होतं. हिरामणने खिशातली सुपारी काढून त्याला दाखवली होती, आणि तो माणूस निघून गेला होता. ही गोष्ट हिरामण अजून सांगायचा.

घरी आल्यावर त्याने भावेशभाईंची सुपारी देवाच्या फळीवर ठेवली. स्वतःची, पुतण्या प्रज्योतच्या बोटीची सुपारी त्याने त्या वर्षी घेतली नव्हती. प्रज्योतला म्हणाला होता, "थांब जरा. पोरीचं होतंय."

पोरीचं झालं. सप्टेंबरात नव्याने पास झालेल्यांच्या मुलाखती होत्या. कल्पिता मुंबईला दोन दिवस राहून आली आणि आठवड्याने पत्र आलं. मोठी कंपनी, पंधरा ऑक्टोबरला रुजू व्हायचं. सगुणाने पगाराचा आकडा तिला दोनदा सांगायला लावला आणि पदराने डोळे पुसले.

हिरामण फळीकडे बघत म्हणाला, "पन सुपारी घेतलीय आपन."

"कसली सुपारी?"

त्याने सांगितलं. सगुणा त्याच्याकडे बघतच राहिली. "अवो, ती काय खलाशी हाय? ते हापिस हाय."

"हापिस असो का बोट. नारळ दिला, सुपारी घेतली. हंगामाच्या मधी उतरलो तर तो मानूस काय म्हनंल? तीन वर्षं शिकवलं नि पंख फुटल्यावर उडाली. जेठापर्यंत थांब, कल्पे. आठ महिने. कंपनी कुठं पळून जातेय?"

कल्पिताने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, हे असं नसतं."

"शब्द सगळीकडं असतो."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. संध्याकाळी आली ती म्हणाली, "मी त्या कंपनीला नकार कळवला." हिरामणने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला तिचा अभिमान वाटला, आणि सगुणा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. प्रज्योतची बोट निघाली तेव्हा हिरामण सुपारी घेऊन पुन्हा तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, जागी उभा राहिला. एकच हंगाम, असं त्याने सगुणाला सांगितलं.

जेठ आला. बोटी वर निघाल्या. कल्पिता अर्ज करायला लागली आणि तिला बोलावणीही यायला लागली. पनवेल, ठाणे, अंधेरी. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचे, पास होऊन वर्ष झालं, मग वर्षभर कुठे होता? ती अलिबागच्या ऑफिसचं नाव सांगायची. समोरचा ते लिहून घ्यायचा आणि मग पुढचा प्रश्न विचारत नसे. बाहेर बाकावर याच जुलैत पास झालेली मुलंमुली बसलेली असायची. एका ठिकाणी तिला पगार सांगितला तो भावेशभाईंच्या पगारात जाण्यायेण्याचा खर्च घातल्याएवढा. चार ठिकाणांहून तर उत्तरच आलं नाही.

एकदा ती दमून आली तेव्हा कोंडाजी ओट्यावर होताच. त्याचा भाचा थळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता आणि बारावीही नव्हता.

"काय सीए, काय म्हनते नोकरी? सहा वर्षं शिकून त्या कागदाचा उपेग काय झाला?"

"उपयोग झाला, काका. कागद हाय म्हणून तर बोलावतात. नसता तर गेटवरच्या वॉचमननं आत सोडलं नसतं."

"मग अडतंय कुठं?"

"ताजा पाहिजे."

"म्हंजे मासळीसारखंच की," कोंडाजी म्हणाला. "बर्फात ठिवून चालत न्हाय?"

"वर्षभर तेच केलं," कल्पिता म्हणाली आणि आत गेली. हिरामण आत भिंतीला टेकून ऐकत होता.

ऑगस्टात पुन्हा नारळी पौर्णिमा आली. घरात कल्पिताच्या पंधरा हजारांशिवाय काही नव्हतं. हिरामणने प्रज्योतच्या हातून पुन्हा सुपारी घेतली. त्या दिवशी त्याला सगुणाच्या नजरेला नजर देता आली नाही.

गणपतीत बोट दोन दिवस धक्क्याला होती, तेव्हा हिरामणला फळीवरची भावेशभाईंची सुपारी दिसली. हंगाम कधीच सरला होता, परत द्यायची राहून गेली होती. त्याने ती खिशात घातली, पापलेटांची एक जोडी पिशवीत घेतली आणि अलिबाग गाठलं. सुपारी परत देऊ, आणि साहेबाच्या ओळखीने कल्पिताचं कुठे चिकटतं का तेही विचारू.

त्याने सुपारी टेबलावर ठेवली. "ही तुमची. परत द्यायला उशीर झाला."

"काय आहे हे?"

"तुम्ही दिलीवती. पोरीच्या हंगामाची."

भावेशभाईंना काही समजेना. हिरामणने रीत सांगितली. ते हसायला लागले, आणि त्याच्या तोंडाकडे बघून थांबले.

"काका, ती सुपारी मी येईल त्याला देतो. पोस्टमनलापण दिली आहे." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे त्या कंपनीला ती यासाठी नाही म्हणाली? अहो, पत्र आलं तेव्हा मीच तिला म्हटलं, बेटा, जा. अशी संधी नवीन पास झालेल्यालाच मिळते, दुसऱ्यांदा येत नाही. एकदा नाही, दोनदा म्हटलं. ती म्हणाली, बाबांनी शब्द दिलाय. मला वाटलं, लग्नबिग्न ठरलं असेल. घरातलं कसं विचारायचं?"

हिरामण उठला. भावेशभाई मागून म्हणत होते की मी माझ्या मित्राला फोन करतो, काका, बघतो मी. हिरामणने हात जोडले. पापलेटांची पिशवी तशीच हातात धरून तो एसटी स्टँडवर आला.

कल्पिता गणपतीची सुट्टी घेऊन घरीच होती. तिने पिशवी उघडली. "हे तर साहेबांना नेलं होतंस."

"राहिलं."

ती ओट्यावर बसून मासे साफ करायला लागली. हिरामण तिच्या बाजूला बसला.

"साहेबानं तुला जा सांगितलं होतं."

सुरी थांबली. "हो."

"मला का न्हाय बोललीस?"

"बोलली असती तर तू काय म्हणाला असतास? साहेबाचं मन मोठं हाय, पन शब्द आपला हाय."

हिरामणने विचार केला. "तसंच म्हनलो असतो."

"म्हणून न्हाय बोलली."

तिने दुसरं पापलेट घेतलं. हिरामणने पाण्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "चुकलो गं मी." तिने खवले चिकटलेल्या हाताच्या मनगटाने डोळा पुसला.

भावेशभाईंनी शब्द पाळला. त्यांच्या मित्राच्या ओळखीने फोर्टातल्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली आणि कोजागिरीच्या दिवशी पत्र आलं. पगार पहिल्या पत्राएवढा नव्हता, जागाही खालची होती. पण सी.ए.शिवाय कुणाला घेत नाहीत अशी होती. दोन डिसेंबरला हजर व्हायचं.

"आता उतर तू," कल्पिता म्हणाली.

"जेठात."

"बाबा."

"तुझी सुपारी खोटी होती. माझी न्हाय."

ती उठून प्रज्योतकडे गेली. प्रज्योत स्वतः आला, दारातच उभा राहून म्हणाला, "काका, द्या ती सुपारी इकडं. मी दुसरा तांडेल बघतो. घरी बसा तुम्ही."

"हंगामाच्या मधी सुपारी मागून घेतो तो कसला नाखवा? तुझ्या बापानं मागितली होती कवा कुनाकडं?"

प्रज्योत सगुणाकडे बघत राहिला. सगुणा भिंतीकडे बघत होती.

एक डिसेंबरला, रविवारी, हिरामण मुलीला मांडव्याला पोचवायला गेला. मुंबईची बोट धक्क्याला लागली होती. तिची बॅग वर चढवून देताना तो म्हणाला, "ह्या बोटीचा तांडेल कोन हाय ते बघून घे. मला तर झोपलेला वाटतो." ती हसली.

"पगार कवा?"

"महिन्याच्या शेवटी."

"बरं. आनि तिथं कोनी हातावर काय ठेवलं, तर पयले इचार, कशाचं हाय म्हनून."

"विचारीन."

बोट निघाली तेव्हा तो पाण्याकडे बघत होता. ती दिसेनाशी झाली तरी त्याने हात वर केला नाही. कोळ्याच्या घरात जाणाऱ्याला हात हलवत नाहीत.

पुढचं प्रज्योतने सांगितलं ते असं. खांदेरी बेटाच्या पलीकडे सकाळचं जाळं ओढत होते. काका मागे सुकाणूवर होते. ते एकदा छातीवर हात ठेवून खाली बसले, आणि म्हणाले, जाळं पुरं घ्या, मग वळवा. प्रज्योतने जाळं तोडून टाकलं आणि बोट वळवली.

दहाव्याला सगुणाने सदऱ्याच्या खिशातली सुपारी काढून प्रज्योतच्या हातावर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. कल्पिताचा पहिला पगार दोन दिवस आधी आला होता. तिने तो कुणाला सांगितला नाही.

हिरामण मंगळवार, चोवीस डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी, थळच्या किनाऱ्याला बोट लागायच्या आधी वारला. त्याचं वय साठ होतं.