पेंटागॉन, दोन!

"अहो! अहो, बघा!"

अर्लीन टिब्स ओरडली, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या तपकिरी ब्यूकमध्ये कुणीतरी तोंड उघडलं. गाडी डावीकडच्या सिमेंटच्या कठड्याकडे सरकत चालली होती, अगदी निवांत, तिला तिथेच जायचं असल्यासारखी. म्हाताऱ्यानं दचकून मान वर केली आणि स्टिअरिंग ओढलं. मागून दोन हॉर्न कडाडले. मागच्या सीटवरचा तरुण कानात गाणी घालून बसला होता. त्याला कशाचा पत्ता नव्हता.

"माफ करा, बाई," म्हातारा म्हणाला. एवढंच. मग रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या पुन्हा ऐकू यायला लागल्या.

उरलेली सगळी वाट अर्लीन हात मांडीवर आवळून त्याच्या पापण्यांकडे बघत बसली. पेंटागॉनच्या थांब्यावर ती घाईघाईनं उतरली. डाव्या हाताचा निळा मोजा गाडीतच पडला, हे तिला कचेरीत पोचल्यावर कळलं.

न बोलणं हा त्या रांगेचा कायदाच. डेल सिटी या उपनगरातल्या मोठ्या पार्किंगमध्ये पहाटे साडेपाचपासून माणसं उभी राहतात. गाडीत तिघं असली तरच जलद पट्टीत शिरता येतं, आणि मग चाळीस मिनिटांत वॉशिंग्टन गाठता येतं. एकटा असाल तर बसा दोन तास रखडत. म्हणून एकटे गाडीवाले रांगेपाशी येतात, काच खाली करून ठिकाण आणि किती माणसं हवीत तो आकडा ओरडतात, आणि पहिली दोन माणसं मुकाट आत बसतात. पैसा नाही, ओळख नाही, नाव नाही. गाडीवाला बोलल्याशिवाय बोलायचं नाही. काचेला, हीटरला हात लावायचा नाही. आणि बाईमाणसाला रांगेत एकटं सोडून जायचं नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण देवाच्या दहा आज्ञा मोडणारी माणसंही या आज्ञा मोडत नाहीत.

या म्हाताऱ्याची आणि तिची गाठ त्या शेवटच्या आज्ञेनंच घातली होती. तेव्हा ती नोकरीला नवी होती. एका संध्याकाळी परतीच्या रांगेत ती एकटीच उरली. तपकिरी ब्यूकमध्ये दोघं आधीच बसले होते, निघायला काही हरकत नव्हती. पण त्यानं गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि "या" म्हणाला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तरी ती त्याच गाडीत बसायची. दुसरी गाडी आधी आली तर मागच्याला पुढे घालायची. तो राहायचाही तिच्याच वसाहतीत, दोन गल्ल्या मागे. अंगणात ती ब्यूक तिनं कितीदा बघितली होती. पण रांगेत ओळख नाही म्हणजे गल्लीतही नाही, असं काहीतरी होऊन बसलं होतं.

शुक्रवारी रांगेत तिनं रोझाल्बाला सगळं सांगितलं. रोझाल्बा दुसऱ्या एका कचेरीत साफसफाईच्या बायकांची मुकादम होती, आणि रांगेत कुजबुजण्याइतकी जवळची तेवढी एकच.

"झोपला होता गं. सरळ झोपला होता."

"बाई गं! मिस अर्लीन, तुम्हाला काही झालं असतं तर नातीला कोण आहे?"

"तेच तर. त्याच्या घरच्यांना सांगावं म्हणते. उद्या जाऊन येते."

मनात वाईट काही नव्हतं. पण धसका घेतलेलं माणूस बोलून मोकळं होतं, आणि बोललेलं ते दुसऱ्याच्या गळ्यात पडतं.

शनिवारी ती लोण्याचा केक घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. पत्रपेटीवर 'स्पेट' लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षांनी नाव कळलं! घंटा वाजवली तसा आतून खणखणीत आवाज आला.

"दार उघडंच आहे, या आत! मी उठले असते, पण माझे पाय संपावर गेलेत!"

पुढच्या खोलीत खिडकीजवळ दवाखान्यातला असतो तसा पलंग होता आणि त्यावर एक गोरीपान, वाळलेली बाई. बाजूच्या खुर्चीत म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता.

"मी मॅव्हिस. आणि हे आमचे घोरेश्वर. हळू बोलू या, काय? शनिवारीच तेवढी झोप मिळते त्याला. रात्री मला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलून निघते. तुम्ही कोण हो?"

"मी अर्लीन. दोन गल्ल्या पुढे राहते."

"किती वर्षं?"

"बावीस."

"आम्ही चोवीस! घ्या! इथं लोक एकमेकांच्या कुत्र्यांची नावं घडाघडा सांगतील, माणसांची विचारा म्हणावं."

अर्लीन हसली आणि हसता हसता तिची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथं तिचा निळा मोजा धुऊन वाळत घातला होता. तिनं उजवा हात झटकन कोटाच्या खिशात घातला. जोडीतला दुसरा मोजा त्या हातात होता.

"तो होय?" मॅव्हिस म्हणाली. "त्याच्या गाडीत एक बाई बसते, तिचा आहे. सोमवारी द्यायची आठवण कर म्हणून दोनदा बजावलंय मला. नाव माहीत नाही हो. पण म्हणतो, ती शेजारी बसली की रस्ता सोपा जातो." तिनं झोपलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "त्या रांगेवरच आमचं घर चाललंय. रांगेतली माणसं मिळतात म्हणून हा चारला घरी येतो. मला बघणारी पोरगी साडेचारला निघते, तिलाही तिचं घर आहे. हा सहाला यायला लागला तर मी दीड तास अशीच. घसा कोरडा पडला तर पाणीसुद्धा नाही. अजून दोन वर्षं काढायचीत, मग पेन्शन."

आता काय बोलणार? तुमचा नवरा गाडीत झोपतो, हे या बाईला सांगायचं, जिच्यासाठी तो जागतो? अर्लीननं केक टेबलावर ठेवला, "बरं, येते" म्हणाली आणि बाहेर पडली. कोपऱ्यावर येऊन तिनं रोझाल्बाला फोन लावला.

"तू कुणाला सांगितलंस का गं?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांना! रांगेच्या ग्रुपवर टाकलं, गाडीच्या नंबरसकट. लोक तुमचे आभार मानतायत, मिस अर्लीन."

"काढून टाक."

"काय?"

"काढ म्हणते ना! त्याची बायको अंथरुणाला खिळलीय. रात्रभर जागतो तो."

"वाईट वाटतं हो. खरंच वाटतं. पण त्यानं झोप भरून निघते का? तुम्ही बसाल सोमवारी त्या गाडीत? सांगा. बसाल?"

अर्लीननं फोन बंद केला. ग्रुपवर तिनं स्वतःच लिहिलं, की माणूस भला आहे, एकदाच झालं. तासाभरात उत्तरं आली: एकदाच पुरतं.

रविवारी चर्चमध्ये तिनं प्रार्थना केली, देवा, त्याला चांगला आठवडाभराचा फ्लू होऊ दे. घरी बसेल, झोपेल. असलं मागणं तिनं जन्मात केलं नव्हतं.

सोमवारी कडाक्याची थंडी होती. रांगेत पन्नासेक माणसं होती आणि सगळ्यांत पुढे अर्लीन आणि रोझाल्बा. तपकिरी ब्यूक वळण घेऊन आली आणि काच खाली झाली.

"पेंटागॉन, दोन!"

कुणी हललं नाही. एरवी दार उघडायच्या आत माणसं वाकलेली असतात. आज पन्नास माथी फोनमध्ये. म्हाताऱ्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तो जरा मोठ्यानं म्हणाला, "पेंटागॉन! दोन!"

अर्लीनचा उजवा पाय पुढे पडला. एकच पाऊल. रोझाल्बानं तिचं कोपर धरलं नव्हतं, कुणीच धरलं नव्हतं. सात वाजता नात जेलिन उठेल, स्वतःचं दूध स्वतः ओतून घेईल, शाळेच्या बसला एकटी जाईल. आई नाही, बाप नाही, आहे ती ही आजी. अर्लीनचा पाय तिथंच राहिला.

"बाई," म्हातारा म्हणाला. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला होता आणि हातात निळा मोजा होता. "तुमचा. मीच धुतला, थोडा आटलाय. आणि केकबद्दल आभार. मॅव्हिस म्हणाली, त्या बाईनं एक हात खिशातून काढलाच नाही."

तिनं मोजा घेतला. त्याचे डोळे लाल होते, पण दाढी स्वच्छ केलेली होती. आता हा म्हणेल 'चला', आणि मग मला बसावंच लागेल, असं तिला वाटलं. तो म्हणाला नाही.

"मी... आज दुसऱ्या गाडीनं जाईन म्हणते," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या रांगेकडे, शेवटच्या माणसापर्यंत, एकदा बघितलं. "बरं, बरं. थंडी आहे, मोजा घाला."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. "आजोबा, घ्या की पुढं! आम्हाला पोचायचंय!" ब्यूकची काच हळूहळू वर गेली आणि ती निघाली.

हॉर्न देणाऱ्या गाडीची मालकीण कुणी तरुण पोरगी होती. अर्लीन पुढे बसली, रोझाल्बा मागे. मोजा बोटांत अर्धाच गेला. जलद पट्टी मोकळी होती. कठड्यापलीकडच्या पट्ट्या मात्र तुंबलेल्या, लाल दिव्यांची रीघ. अर्लीन एकेक गाडी बघत होती, आणि दिसू नये म्हणत असतानाच ती तपकिरी ब्यूक दिसली. म्हातारा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसला होता. शेजारची सीट रिकामी. डावीकडे वळायचा दिवा त्यानं कधीतरी लावला होता आणि बंद करायला विसरला होता. दिवा जलद पट्टीच्या दिशेनं लुकलुकत होता.

"अहो," अर्लीन पुटपुटली.

गाडी चालवणाऱ्या पोरीनं तिच्याकडे वळून बघितलं. अर्लीन गप्प बसली.