बसायला एक जागा

डबा हलका होता.

मावशीने तो टेबलावरून उचलला आणि तशीच उभी राहिली. तिचं आयुष्य रुग्णालयाच्या धुलाईघरात गेलं होतं. चादरींचं गाठोडं हातात घेतलं की त्यात काही कमी आहे का, हे आधी तिच्या मनगटाला कळे आणि मग डोक्याला. धुलाईघरात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. माणसाची राख किती भरते हे तिने कधी तोललं नव्हतं, पण अख्खा नवरा एवढा हलका नसतो, एवढं तिला कळत होतं.

"सर, ह्यात काही नाही," ती म्हणाली.

"आहे, वहिनी. थोडी आहे," सर म्हणाले.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, टेकडीवाल्यांचे पुढारी. टेकडीवाले दर रविवारी पहाटे गावामागच्या टेकडीवर चढायचे, सूर्य उगवताना बघायचे आणि देव वेगळा कुठे बसलेला नाही, हे झाड, हा दगड, हे तारे म्हणजेच तो, असं एकमेकांना सांगून उतरायचे. मावशीचा नवरा त्यांच्यातला सगळ्यांत लाडका. पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी, पण बोलायला लागला की प्राध्यापकांनीही गप्प बसावं. दहनानंतर मावशीला ताप भरला, लेक परगावाहून निघालेली, म्हणून राख सरांनी ताब्यात घेतली आणि आपल्या घरी ठेवली. आज ती न्यायला मायलेकी आल्या होत्या. दहनभूमीच्या भिंतीत मावशीने एक कोनाडा घेतला होता. त्यावर नावाची फरशी बसणार होती.

मावशीने झाकण उघडलं. तळाला मूठभर राख होती.

"बाकीची?"

सरांनी चष्मा काढून पुसला. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, त्याही टेकडीवाल्याच. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि मग स्वतःच बोलायला घेतलं. "वहिनी, आम्ही सगळ्यांनी एकेक मूठ घेतली. ज्याला जिथं वाटलं तिथं नेली. कुणी नदीत सोडली, कुणी तळ्यात, कुणी शेतात. माझी मी गुलाबाच्या वाफ्यात मिसळली. त्यांचं म्हणणंच होतं ना, मला कोंडू नका म्हणून."

"मला विचारलंत?"

"तुम्हाला ताप होता."

"तापात कान बंद होत नाहीत."

"चुकलंच ते," सर म्हणाले, पण चुकल्यासारखं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. "पण ह्यात मालकी कुणाची, वहिनी? आम्हाला वाटलं, तुम्हालाही बरं वाटेल. एका भिंतीत राहण्यापेक्षा..."

ह्या लोकांचं हेच होतं. चोर असते तर दोन शिव्या देऊन मावशी मोकळी झाली असती. ह्यांनी मात्र अगदी प्रेमाने, डोळे भरून, एकेक मूठ नेली होती. सगळं एकच आहे म्हटल्यावर कुणाचं कुणाला विचारायचं, हा प्रश्नच ह्यांच्या डोक्यात आला नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, बस ना जरा," लेक हळूच म्हणाली.

"बसायलाच तर जागा घेतली होती. बसू कुठं आता? नदीत?"

डॉक्टरीणबाई उठून जवळ आल्या आणि त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, ते कुठे गेलेले नाहीत. ते सगळीकडे आहेत."

मावशीने तो हात उचलला आणि बाजूला ठेवला, एखादी दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"सगळीकडे असलेल्या माणसाला जेवायला कुठं वाढू?" ती म्हणाली. "आणि तुम्ही डॉक्टर ना? दातांच्या का होईना. वर्षभर हे टेकडी चढताना धापा टाकत होते. तेव्हा काय बघत होतात? सूर्योदय?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. हा घाव नेमका बसला, कारण तो खरा होता, आणि मावशीला त्याचा जराही पश्चात्ताप झाला नाही. नवऱ्याने पोटातल्या गाठीलाही पाहुण्यासारखं वागवलं होतं. तीही त्यातलीच, म्हणायचा. त्या पाहुणीने त्याला घेऊनच घर सोडलं.

तसा तो भला माणूस होता, नाही असं नाही. पण त्याच्याबरोबर संसार करून बघायला हवा होता कुणीतरी. स्वयंपाकघरात झुरळ निघालं आणि मावशीने झाडू उगारला की हा मध्ये येऊन उभा. "त्यालाही जगायचंय," म्हणायचा. "मग त्याच्याच हातचं जेवा," मावशी म्हणायची. बाजारातून भाजी आणायला पाठवला तर कोळ्याचं जाळं बघत रस्त्यात उभा राहायचा आणि दुकानं बंद झाल्यावर रिकामी पिशवी घेऊन यायचा, वर चेहरा असा की ह्यानेच काहीतरी आणलंय. चालताना गवताचं पातं तुडवणार नाही. कुंडीत रोपाशेजारी तण माजलं तर उपटू द्यायचा नाही. सगळ्या गावात त्याला देव दिसायचा, फक्त दिवसभर वाफेत उभी राहून घरी आलेली बायको दिसायची नाही.

हेही मावशीने चालवून घेतलं असतं. बायका काय काय चालवून घेतात. पण 'सगळीकडे आहे' हे शब्द तिने आज पहिल्यांदा ऐकले नव्हते.

लेकीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बसायलाही लागला नव्हता तेव्हा तापाने गेला. मावशी अंथरुणातून उठू शकत नव्हती. नवऱ्याने त्याला तिच्याच जुन्या शालीत गुंडाळलं, एकट्यानेच नेलं, आणि परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. "कुठं ठेवलं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "कुठं असं नाही. तो आता सगळीकडे आहे. खूण ठेवली नाही, मुद्दाम." नंतरही तिने विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तो खिडकीतून कधी पाऊस दाखवायचा, कधी चांदणं. ते 'मुद्दाम' तिच्या घशात अडकलं ते कायमचं. शेवटी तिने विचारणं सोडलं आणि त्याच्यावरचा राग मात्र घरातल्या एखाद्या माणसासारखा सांभाळला. लेकीला एवढंच माहीत होतं की तिच्या आधी एक होता.

म्हणून तर तो कोनाडा. आयुष्यभर हा माणूस एका जागी बसला नाही. आता तरी बसेल, आणि मी बोलेन ते ऐकेल, एवढाच तिचा हिशोब होता. प्रार्थनाबिर्थना तिला करायची नव्हती. भांडायचं होतं. आणि भांडायलाही समोर काहीतरी लागतं.

"आई," लेक पुन्हा म्हणाली, "बाबांना आवडलं असतं गं हे."

"आवडलंच असतं. म्हणून तर राग येतोय."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग सरांकडे वळली. "कुणी कुठं टाकली ते सांगा. एकेकाचं नाव घेऊन सांगा. निदान कळू दे, नवरा कुठं कुठं फिरतोय."

सरांनी शांतपणे सांगितलं. औषधाच्या दुकानवाल्याने नदीत. पोस्टमनने शेतात. ते स्वतः पलीकडच्या तळ्यावर गेले होते. "आणि त्या सगळ्यांच्या आधी, पहिली मूठ आम्ही सगळ्यांनी मिळून टेकडीवर सोडली. त्यांच्या जागी."

"कुणाच्या जागी?"

"त्यांच्या. म्हणजे, ते नेहमी थांबायचे तिथं."

"सगळीकडे असणाऱ्याला जागा कशाला लागते?" मावशीने टोमणा मारला, पण मारता मारताच तिचा आवाज बदलला. "कसली जागा?"

"वरच्या पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला एक दगड आहे. दर रविवारी वर जाताना तिथं थांबायचे. आम्हाला म्हणायचे, तुम्ही व्हा पुढं, मी आलो. आम्हाला वाटायचं, ध्यान करतात. एकदा मी सोबत थांबलो तर चिडले माझ्यावर. ते कधी कुणावर चिडायचे नाहीत, म्हणून लक्षात राहिलं."

"काय करायचे तिथं?"

सरांनी आठवून पाहिलं. "विशेष काही नाही. खाली बसून दगडाभोवतीचं गवत उपटायचे."

मावशीने खुर्चीची पाठ धरली. जो माणूस कुंडीतलं तण उपटू देत नव्हता, तो रविवारमागून रविवार एका दगडाभोवतीचं गवत उपटत होता. तिला सगळं कळलं, आणि कळल्यावर आधी रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. आजवरचा सगळा राग लुटुपुटीचा वाटावा असा राग आला.

"चला," ती म्हणाली. "दाखवा."

"आत्ता? ऊन आहे, वहिनी. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. त्यांची मालकी तरी माझीच आहे ना?"

टेकडी तशी फार उंच नव्हती. पण मावशी तिच्यावर कधी चढली नव्हती. हट्टाने चढली नव्हती. रविवारी तो निघाला की ती कूस बदलून झोपायची. आता ती डबा छातीशी धरून चढत होती, आणि लेकीने हात पुढे केला तर तो झटकत होती. मागून डॉक्टरीणबाई येत होत्या. त्यांना येऊ नका म्हणायलाही मावशीकडे दम उरला नव्हता. वाटेत सर एकदा झाडाकडे बोट दाखवून काही सांगू लागले, तशी ती म्हणाली, "सर, झाडाबद्दल एक शब्द नको."

पाण्याच्या टाकीखाली उतारावर तो दगड होता. गुडघ्याएवढाही नाही. भोवतालच्या गवतात थोडी मोकळी माती राहिली होती. नवऱ्याच्या आजारपणात तिच्यावर नवं गवत चढायला लागलं होतं. दगडाच्या उतरणीकडच्या बाजूला, वाटेवरून दिसू नये अशा ठिकाणी, एक पिवळा ठिपका होता.

"हे काय?" लेकीने वाकून विचारलं.

मावशीला विचारावं लागलं नाही. पाण्याचे मीटर अंगणात, कुंपणाशी, झुडपांत कुठेही असतात. एकदा सापडलेला मीटर पुढच्या खेपेला पुन्हा शोधायला लागू नये, म्हणून मीटरवाले जवळच्या भिंतीवर नाहीतर दगडावर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवतात. ह्याच्या खाकी पँटच्या खिशाला तो पिवळा ऑइलपेंट कायम लागलेला असायचा. रुग्णालयाची सगळी पावडर संपली तरी तो निघायचा नाही.

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. रंग जाड झाला होता. थरावर थर, थरावर थर. उन्हापावसाने विटला की पुन्हा लावलेला. सगळ्यांत वरचाही आता तडकायला लागला होता.

"आई?"

"तुझा भाऊ," मावशी म्हणाली.

लेक मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर पदर धरला. सर पुढे आले, काहीतरी सुंदर बोलण्यासाठी त्यांनी श्वास घेतला, आणि मावशी त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही आता जा," ती म्हणाली. "नदीवर जा, तळ्यावर जा, सगळीकडे जा. इथं नको."

ते गेले. लेकीलाही तिने मानेनेच खाली जायला सांगितलं. लेक थोडी उतरून एका झाडाशी, इकडे पाठ करून, उभी राहिली.

मावशीचे गुडघे वाकायला वेळ लागला. हाताने जमीन चाचपत ती त्या मोकळ्या मातीत बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तिथली माती बसून बसून दबलेली आहे. तिने डबा दगडाला टेकवून ठेवला.

"अहो," ती म्हणाली.

मग तिचा बांध फुटला. काय काय नाही बोलली. लबाड म्हणाली. ढोंगी म्हणाली. गावाला 'सगळीकडे आहे' वाटत फिरलात आणि स्वतःसाठी एवढी जागा राखून ठेवलीत, म्हणाली. मला चांदणं दाखवलंत आणि स्वतः इथं येऊन बसलात. मी काय तुमची जागा अडवली असती? शेजारी बसले असते. तुमचं पटलं नसतं तरी बसले असते. गवत उपटायला मलाही हात होते. ती जमिनीवर हात आपटत होती, ओलं गाठोडं आपटावं तसे, आणि धूळ तिच्या पदरावर उडत होती. शालीचा रंग कोणता होता आठवतं तरी का, तिने विचारलं. थंडीचे दिवस होते. त्याचे पाय झाकले होते ना नीट?

आपटून आपटून हात दुखायला लागले तेव्हा ती थांबली. उरला होता तो एकच प्रश्न, आणि तो तिने ओरडून नाही, घरातल्या आवाजात विचारला.

"मला का नाही सांगितलंत?"

भांडताना त्याच्या उत्तरासाठी थांबायची तिला सवय होती. तो लगेच बोलत नसे, आधी थोडा वेळ घ्यायचा. ती तेवढी थांबली.

उतारावरून वारा आला. गवत एका बाजूला झुकलं, पुन्हा सरळ झालं. हे उत्तर म्हणून घ्यायला मावशी तयार नव्हती. ती दगडाकडे बघत थांबून राहिली.