ट्रॉली चुकली

नाथाजी सुभेदारांनी शर्यतीचा नियम एका वाक्यात सांगितला होता. दुपारी एक वाजता जो डांबरी सडकेवर पोचलेला नसेल, त्याने मुकाट्याने ट्रॉलीत बसायचं.

सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या आपल्या गावी राहत होते. शहाण्णव सालच्या डिसेंबरात त्यांच्या माजी सैनिक मंडळाने डोंगरातली ही दौड दुसऱ्यांदा भरवली. मॅरेथॉन म्हणत, पण त्या वाटेला टेप कोणी लावली नव्हती. गावातून निघायचं, रानातून पहिला डोंगर चढायचा, धारेवरून जाऊन सडकेवर उतरायचं, सडक ओलांडून दुसरा डोंगर चढायचा आणि पलीकडून गावात यायचं. रानात गवे होते म्हणून वनखात्याने जोडीनेच पळायची अट घातली होती. एक थांबला की दुसऱ्यानेही थांबायचं. वाटेतल्या तीन चौक्यांवर हातावर जांभळ्या औषधाची रेघ मारून मिळे. ते औषध घामाने जात नाही, म्हणून सुभेदारांनी ते निवडलं होतं.

आकाराम खराडे गेल्या वर्षी ट्रॉलीतून आले होते. सडकेवर पोचता पोचता त्यांच्या पोटरीत गोळा आला, एक वाजून गेला आणि उसाच्या ट्रॉलीत, चिपाडांवर बसून त्यांना गावात यावं लागलं. अठरा वर्षं फौजेत काढलेला हवालदार ट्रॉलीतून उतरला, ही बातमी मिरजेजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या आधी पोचली. तेव्हापासून सोसायटीत, न्हाव्याकडे, पाणीवाटपाच्या बैठकीत कुणी ना कुणी विचारीच, "काय हवालदार, आज चालत आला व्हय?" बाहेरचं ते हसण्यावारी नेत. पण त्यांची बायको साळूबाई ऊस भरायला आलेल्या ट्रॉलीकडे बघून "तुमची गाडी आली" असं म्हणाली, तेव्हा मात्र ते दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांचा जोडीदार नागसेन होवाळ रेल्वेत चावीवाला होता. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून तो मिरजेच्या बाजूने रूळ तपासत यायचा. आकाराम उसाच्या कडेने त्याच रुळांना धरून पळायचे. पहिले काही महिने नुसता राम राम आणि जय भीम झाला. मग एका सुट्टीच्या दिवशी नागसेन हातोडा घरी ठेवून आला आणि त्यांच्या बरोबरीने पळाला. त्याला आता सहा वर्षं झाली होती. नागसेन वयाने बारा वर्षांनी लहान आणि पायाने हलका. गेल्या वर्षी तो एकटा असता तर आरामात पोचला असता. या वर्षी आकारामांनीच त्याला सांगितलं होतं, "माझ्या पुतण्यासंगं पळ. जयराज तरणा हाय. मी ऱ्हातो घरी."

"जयराज बोलत न्हाई पळताना," नागसेन म्हणाला होता. "मला करमत न्हाई."

खरं कारण वेगळं होतं. हवालदारांना यंदा पायांनी गावात नेऊन उभं करायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. बाकी त्याला त्या शर्यतीतून काही नको होतं.

सकाळ चांगली गेली. अंधुक उजेडात पन्नासेक जोड्या सुटल्या. पहिल्या चढाला आकारामांनी घाई केली नाही. पोटरीला चांगलं तेल लावलेलं होतं. झाडी दाट झाली तसा गारवा वाढला, पायांखाली ओला पाचोळा दबू लागला. नागसेन पुढे, आकाराम मागे. हा क्रमही ठरवून घेतलेला होता. वाट शोधायचं काम नागसेनचं आणि आकारामांनी फक्त त्याच्या टाचांकडे बघून पाय टाकायचे, म्हणजे मुळांत ठेच लागायची नाही. वाटेच्या खुणा म्हणून मंडळाने झाडांना लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या.

"लाल दिसलं की थांबायचं, हे आयुष्यभर केलं," नागसेन मागे न बघता म्हणाला. "आज लाल दिसलं की पळायचं."

"मग पळ की. बोलतोस कशाला?"

पहिल्या चौकीवर रेघ मिळाली तेव्हा त्यांच्यामागे अजून बऱ्याच जोड्या होत्या. आकाराम खुशीत आले. धारेवर चढण्याआधी एक सपाटी लागली आणि तिथे वाटेला फाटे फुटले. डाव्या हाताला एक चिंधी दिसली. तिच्यापुढे दुसरी, मग एकाच फांदीला तीन. नागसेनला वाटलं, मंडळाची माणसं इथे वाट चुकण्याची भीती धरून जास्त बांधत गेली असतील. तो डावीकडे वळला. वाट उतरणीची होती, पाय आपोआप पडत होते. चिंध्या वाढतच होत्या. काही नव्या होत्या, काही पावसाने विटून गुलाबी पडलेल्या. मागून येणाऱ्या एका जोडीने त्यांना वळताना पाहिलं आणि हाकही मारली, पण उताराच्या भरात ती दोघांनाही ऐकू आली नाही.

झाडं मोठमोठी होत गेली. एका वडाच्या पारंब्यांना तर लाल, हिरव्या कापडांची अशी गर्दी होती, की नागसेनचे पाय थांबले. आकाराम त्याच्या पाठीवर आदळले.

"काय झालं?"

समोर शेंदूर लावलेले चार दगड होते आणि त्यांच्यापुढे एक म्हातारी झाडून काढत होती. तिने केरसुणी खाली ठेवली आणि दोघांकडे, त्यांच्या बनियनवरच्या नंबरांकडे नीट बघून घेतलं.

"नवस फेडाया पळत आलाय व्हय, बाबांनो?"

आकारामांनी मान वर केली, तासाभरात बहुधा पहिल्यांदाच. वडाकडे बघितलं, चिंध्यांकडे बघितलं, मग नागसेनकडे बघितलं.

"आरं नागसेन, ही देवराई हाय."

"मला काय ठावं? चिंध्या बघून आलो."

"नवसाच्या चिंध्या वळकत न्हाईस व्हय रं तू?"

"आमच्यात कोण बांधतंय? तुमी तर वळकता न्हवं? तुमी का न्हाई बोलला?"

"मी तुझ्या टाचा बघत हुतो!"

म्हातारी हसू लागली. तिचं नाव हरणाबाई, खालच्या वाडीतली. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की तिला पारावर बसावं लागलं. "पाटणच्या बाजारात एकाच दुकानात लाल कापाड मिळतंय," ती म्हणाली. "देवीलाबी त्येच, सुभेदारालाबी त्येच."

नागसेनला मात्र हसू येईना. ठरवल्याप्रमाणे काही घडत नव्हतं आणि चूक त्याची होती. तो म्हणाला, "हवालदार, छप्पन सालापासनं आमच्या घरातनं कोण देवीला आलं न्हाई. आई जित्ती हाय अजून. तिला काय सांगू? पळत गेलो म्हणून?"

आता आकारामही हसू लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. "सांग तिला, सोबतीला हवालदार हुता. त्योच घिऊन गेला म्हणून सांग."

हरणाबाईने त्यांना तांब्याभर पाणी दिलं, फडक्यातली नाचणीची भाकरी मोडून दिली. नागसेन उभ्यानेच खाऊ लागला. सडक कुठे लागेल, हे त्याने विचारलं. तिने हाताने दाखवलं. ओढ्याने सरळ खाली गेलं की वाडी आणि वाडीखाली सडक, फार वेळ लागायचा नाही. आणि धारेवरची शर्यतीची वाट धरायची तर आलात तसं माघारी चढायला हवं.

"ओढ्यानं जाऊ," नागसेन म्हणाला. "एकच्या आत सडकेला लागतो."

"आन धारेवरची रेघ?"

"ती ऱ्हायली तर ऱ्हायली. ट्रॉली तर चुकंल."

आकारामांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "गड्या, मधली धार सोडून गावात गेलो, तर ट्रॉलीतनं गेल्यावानीच की. लोकांस्नी ठावं न्हाई व्हायचं. मला व्हईल."

दोघे माघारी चढले. हरणाबाई मागून ओरडून सांगत होती, चिंधी नवी आणि एकटी असली तर सुभेदाराची, जुनी आणि घोळक्यात असली तर देवीची.

धारेवरच्या चौकीवर दोन माणसं कनात सोडत होती. त्यांनी दुसरी रेघ मारली. एकाने घड्याळ बघितलं आणि तोंडाने चुक् केलं. "एक तर हितंच वाजला. बिराप्पा ट्रॉली घिऊन थांबला तर थांबला. तिच्यात बसून जावा."

आकाराम उतरू लागले. पाय चांगले पडत होते, पोटरी गप्प होती, श्वास लागलेला नव्हता, आणि खाली ट्रॉली उभी असणार होती. नागसेनला पुढे पळता पळता तीच दिसत होती. उघडी, चिपाडांनी भरलेली, बसलेल्या लोकांचे चेहरे आपल्याकडे वळलेले. कानात ट्रॅक्टरचा आवाज येतोय असं त्याला दोनदा वाटलं. एकदा त्याने मुद्दाम पाय हळू टाकले. मागून आवाज आला, "टाच हलीव रं. जायाचं त्ये जायाचंच."

झाडी संपली आणि सडक लागली. सडकेवर कोणी नव्हतं.

टायरच्या खुणा होत्या, वळण घेऊन गावाकडे गेलेल्या. धुळीत उसाची चिपाडं सांडली होती. चौकीचं टेबल नव्हतं, माणसं नव्हती. आंब्याखाली पाण्याची एक घागर तेवढी विसरून राहिली होती. तिच्यात तळाला थोडं पाणी होतं.

आकाराम सडकेच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"ट्रॉली कुठाय?"

"गेली."

"आपल्याला न घेता?"

"व्हय."

"मग आता?"

"आता काय? बसायला ट्रॉलीच न्हाई," नागसेन म्हणाला आणि बोलता बोलता त्याच्या स्वतःच्या ते ध्यानात आलं. "पळावंच लागंल."

आकारामांनी घागर उचलली, अर्धं पाणी नागसेनच्या ओंजळीत ओतलं, अर्धं आपल्या डोक्यावर. "चल की मग. उभा काय ऱ्हायलास?"

दुसरा डोंगर त्यांनी कधी पळत, कधी चालत चढला. आता मागे कोणी नव्हतं आणि पुढेही कोणी नव्हतं. उन्हाचे कवडसे लांबट झाले होते. वर फांद्यांतून एक शेकरू त्यांच्या बरोबरीने बराच वेळ उड्या मारत गेलं. माथ्याजवळ आकारामांच्या पोटरीने अखेर गोळा धरलाच. नागसेनने त्यांना खडकावर बसवलं, बूट काढला, चवडा धरून पाय सरळ ताणला आणि गोळा विरघळेपर्यंत धरून ठेवला. आकाराम आरामात मागे रेलून आभाळ बघत होते.

"दुखतंय?"

"लय. पर घाई न्हाई."

ते गावात आले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. बक्षिसं वाटून झाली होती. मांडवाचे बांबू खाली आले होते, कर्ण्यावाला वायर गुंडाळत होता. जेवणाची शेवटची पंगत बसली होती आणि तीत ट्रॉलीवाला बिराप्पाही होता. त्याने घास हातातच धरला.

"आवं हवालदार! तुमी तर खालच्या वाडीकडं उतरला म्हणं? कुणी तरी सांगितलं, शर्यत सोडून गेला. म्या अर्धा तास वाट बघितली की!"

साळूबाई पंगतीत वाढत होती. ती भाताची पाटी घेऊन तशीच पुढे आली. आदल्या दिवशी ती नवऱ्याबरोबर आली होती आणि दुपारी ट्रॉली आली तेव्हा तिने तिच्यात वाकून बघितलं होतं. ट्रॉलीत नवरा नाही हे बघून तिला आधी बरं वाटलं होतं, मग काळजी लागली होती.

"वाडीत जेवायला गेला हुता व्हय?" ती म्हणाली. आवाज कडक होता.

"भाकरी खाल्ली की. नागसेननं देवीला नेलं."

"नागसेनभाऊनं?"

"घरी गेल्यावर सांगतो," नागसेन म्हणाला.

नाथाजी सुभेदार आले. "हात दाखवा." दोघांनी हात पुढे केले. "रेघा दोनच. तिसरी?"

"तिसरी ट्रॉलीतनं पुढं आली," आकाराम म्हणाले. "बाटली तिच्यातच हुती."

पंगत हसली. सुभेदार हसले नाहीत. "नियम म्हणजे नियम. एकच्या आत सडकेवर नव्हता, रेघ नाही. शर्यतीत तुमची गणती होणार नाही."

"गणती नकोच मला, साहेब. फकस्त ह्या लोकांस्नी सांगा, आमी आलो कशानं?"

सुभेदारांनी बिराप्पाकडे बघितलं. "तू आणलंस यांना?"

"न्हाई, साहेब."

"दुसऱ्या कुठल्या गाडीनं?"

"रानात कुठली गाडी?" नागसेन म्हणाला.

सुभेदारांनी घडीभर विचार केला. कर्णा पोत्यात गेला होता. ते दोन पावलं मागे सरले, टाचा जुळवल्या आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "हवालदार आकाराम खराडे! नागसेन होवाळ! दोघं पायांनी आले!"

समोरच्या डोंगराने ते पुन्हा एकदा सांगितलं. पंगतीतल्यांना उष्ट्या हातांनी टाळ्या वाजवता येईनात, म्हणून त्यांनी डाव्या हाताने मांड्या थापटल्या. नागसेनने आपल्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघितलं आणि मग तो खाली, जमिनीवरच बसला.

जेवणं झाली तेव्हा कळलं, पाटणला जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती. बिराप्पाची ट्रॉली तेवढी स्टँडपर्यंत जाणार होती. परगावची मंडळी एकेक करून तिच्यात चढली. साळूबाईने नवऱ्याकडे बघितलं.

आकाराम ट्रॉलीपाशी जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी साळूबाईला हात देऊन वर चढवलं, नागसेनला ढकलून चढवलं, स्वतः चढले आणि चिपाडांवर पाय पसरून बसले.

"बिराप्पा," ते म्हणाले, "सावकाश घे."