काचेपलीकडचा काका आणि गुळाचा डबा

डोळे मिटा पाहू. मे महिन्यातली दिल्लीची दुपार आहे. तिथल्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत, भर उन्हात एक गाडी उभी आहे. एका काचेला बोटभर फट, बाकी सगळं बंद, आणि आत एक माणूस बसलाय. उन्हात तापलेल्या गाडीत कधी बसला आहात? मग बाहेर उभ्या असलेल्या मैत्री नावाच्या मुलीचा जीव का टांगणीला लागला होता, ते तुम्हाला सांगायला नको.

आत होता तिचा संघपाल काका. अंगाला ताप येतो ना, तसा कधी कधी मनालाही येतो. काकाला कितीतरी रात्री झोप नव्हती. भिंती आपलं बोलणं ऐकतात असं त्याला वाटू लागलं, म्हणून तो गाडीत जाऊन बसला आणि दारं आतून लावून घेतली. मैत्रीची आई, नंदा, काचेवर टकटक करून दमली. शेवटी चौकीदाराने पोलिसांना फोन केला.

भीती होती ती पोलिसांचीच. मागच्या वर्षी काका असाच आजारी पडला, तेव्हा त्याला न्यायला धड जागाच नव्हती. पोलिसांनी आधी ठाण्यात बसवलं, मग या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेलं. तेव्हापासून खाकी कपडा दिसला की काका थरथरायचा.

यंदा मात्र शेजारच्या सेक्टरमध्ये मनाच्या तापासाठी एक केंद्र उघडलं होतं. हवालदार कौशल्याबाई आल्या त्या तिथल्या देविकाताईंना बरोबर घेऊनच. तरी खाकी पाहून काकाने ती बोटभर फटही बंद केली.

"शीशा तोड़ दो, मॅडम!" वरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

"आप नीचे आकर तोड़ोगे?" कौशल्याबाईंनी वर न बघताच विचारलं. बाल्कनीतलं डोकं आत गेलं. मग त्या लांब जाऊन कडुनिंबाखाली बसल्या आणि टोपी काढून घाम पुसू लागल्या.

देविकाताई हळूच नंदाला म्हणाल्या, "थोड़ा रुकते हैं. पर गर्मी बहुत है, फिर तोड़ना ही पड़ेगा."

मैत्री घरी पळाली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. कौशल्याबाई ते घटाघटा प्यायल्या. मग मैत्री गाडीपाशी गेली आणि काचेला तोंड लावून म्हणाली, "काका, त्या आपल्याकडचं पाणी प्यायल्या. आता पाहुण्या झाल्या ना? तूच सांगतोस!"

मग काच जराशी खाली आली.

"गूळ दिलास?"

"...विसरले."

"नुसतं पाणी? पाहुण्याला? नागपूरला आजीच्या कानावर गेलं म्हणजे! अगदीच दिल्लीवाली झालीस."

काका घामाने निथळत होता आणि रागावत होता, अगदी नेहमीसारखा. मैत्रीला हसू आणि रडू एकदमच आलं. ती पुन्हा पळाली आणि गुळाचा डबा घेऊन आली.

"माझं चुकलं. आता तूच दे."

दार उघडलं. काका उतरून कडुनिंबापाशी आला. कौशल्याबाई जागच्या उठल्या नाहीत, त्यांनी फक्त हात पुढे केला. काकाने त्यावर गुळाचा खडा ठेवला.

देविकाताईंनी त्याला सावलीत बसवून पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "पोलीस थाने?"

"नहीं भैया, हमारे यहाँ. कूलर है, पलंग है. ये मॅडम बस गेट तक."

काकाने नंदाकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही?"

"येते ना भाऊजी. मैत्रीही येईल."

केंद्राच्या फाटकातून काका नंदा आणि मैत्रीबरोबर आत गेला. कौशल्याबाई बाहेर आपल्या जीपपाशीच थांबल्या. मागच्या वर्षी दोन पोलीस दिवसभर त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर अडकून पडले होते, ना त्यांना जेवण ना त्याला. आज कौशल्याबाईंचं काम फाटकाशीच संपलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुठल्याशा घरात एक आजी दार लावून बसल्या होत्या, उघडत नव्हत्या.

जीप सुरू झाली. मैत्री फाटकातून मागे पळत आली आणि तिने गुळाचा डबा खिडकीतून कौशल्याबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आंटी, पानी के साथ गुड़. भूलना मत!"